११. खिळ्यावरच्या कात्र्या

शनिवारी दुपारी दोनला भोंगा झाला, बायका डबे आवरून गेल्या आणि घरची माणसं कापणीच्या टेबलाभोवती उभी राहिली. उभीच. ही रीत सासऱ्यांनी घालून दिलेली: कारखान्याचं बोलणं उभ्यानंच करायचं, बसलं की माणूस लांबण लावतो. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती, सासूच्या गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारला होता, पण टेबलाजवळ खुर्ची काही आली नव्हती.

धाकटी सून सगळ्यात शेवटी पोचली. पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. सकाळपासून तिनं तो तीनदा उघडून वाचला होता, आणि तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं निघालं होतं.

"या, या, कंपनीवाल्या बाई," थोरला दीर म्हणाला. गिऱ्हाइकं सांभाळायचं काम त्याचं, त्यामुळे जीभ कायम तेल घातलेली. "आज आमच्या गरिबाघरी कशी वाट चुकलात?"

"तुम्हीच बोलावलंत, भाऊजी. चुकायला मी काय तुमचा टेम्पो आहे?"

मागच्या महिन्यात माल भलत्याच गोदामात उतरवून आलेला टेम्पो सगळ्यांना आठवला. धाकटीचा नवरा, घरातला धाकटा, फिसकन हसला. जाऊ हसली नाही. ती पॅकिंगच्या खोक्यांना पाठ टेकून उभी होती आणि दोऱ्याचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

कारखाना हातमोज्यांचा. वेल्डिंगवाल्यांचे, भट्टीवाल्यांचे जाड चामड्याचे मोजे. चौदा बायका, अकरा मशिनं, एक कापणीचं टेबल. शिवलेला मोजा लोखंडी दांड्यावर चढवून उलटायचा, म्हणजे शिवण आत जाते. त्याला उलटणी म्हणत. मग तो तापलेल्या लोखंडी हातावर चढवून सरळ करायचा. हे हात भिंतीशी ओळीनं उभे असत, पंजे वर करून, एखादा ठराव हात वर करून मंजूर करावा तसे. आत्ताही ते गरमच होते.

"कामाचं बोलू," सासू म्हणाली. कारखान्यात तिला सगळे मालकीण म्हणत आणि घरीही ती आई कमी, मालकीणच जास्त होती. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. लांबचं दिसतं. गिऱ्हाइकाचं वाकडं तोंड दिसतं. टाका दिसत नाही. टाका दिसत नाही त्या माणसानं कारखाना चालवू नये."

"चष्मा लावलास तर दिसेल," धाकटा म्हणाला.

"चष्मा सापडला तर लावीन. मधे बोलू नकोस." ती धाकटीकडे वळली. "तू ये. त्या गाड्यांच्या सीटकव्हरवाल्यांकडे साचे काढतेस, ते इथे काढ. तू साचा काढलास की चामडं वाया जात नाही, हे मी ऑपरेशनच्या वेळी बघितलं. पहिल्या तारखेपासून ये. कारखाना तुझ्या हातात."

जाऊच्या बोटावरचा दोरा तुटला.

"छान," ती म्हणाली. "एकवीस दिवसांत कारखाना मिळतो होय? मला माहीतच नव्हतं. मी उगाच चौदा वर्षं घालवली."

"तुझं काय वाईट झालंय?" दिरानं विचारलं.

"काही नाही. माझं कधीच काही होत नाही."

एकवीस दिवस. जाऊनं टोमणा मारला होता, पण लागला तो दुसरीकडेच. धाकटीनं पर्स पोटाशी घट्ट धरली.

गोष्ट साधी होती. तिच्या कंपनीत बाळंतपणाची सहा महिने भरपगारी रजा मिळे, आणि ती नोकरीची सलग दोन वर्षं भरलेल्या बाईलाच. तिला लागून सतरा महिने झाले होते. धाकटा पाण्याच्या पंपघरात वायरमन, दर अकरा महिन्यांनी नव्यानं करारावर सही करणारा. त्याला घरात इंजिनियर म्हणत, कारण तो इंजिनियर नव्हता आणि योजना मात्र आखत असे. त्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे कॅलेंडर लावलं होतं. सतरा महिने अधिक आठ म्हणजे पंचवीस. म्हणजे या महिन्यात जमलं तर रजेच्या दिवशी दोन वर्षं आरामात पुरी. या महिन्याभोवती त्यानं पेन्सिलीनं गोल काढला होता, लाल पेन्सिलीनं. घराचं भाडं धाकटीच्या पगारातून जायचं. तो पगार सहा महिने थांबला तर काय होईल, याचं गणित दोघांनी एकदाच केलं होतं आणि मग दिवा मालवून टाकला होता. धाकटीला सदतिसावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाबरवलं नाही; एवढंच म्हणाल्या, "फार थांबू नका."

आणि आज सकाळी, खात्री करून घ्यावी म्हणून, ती एचआरच्या खिडकीवर गेली. आतला माणूस खोकल्याची गोळी चघळत होता.

"तुमचे सात महिने झालेत," तो म्हणाला.

"सतरा."

"सात. मधे तुम्ही एकवीस दिवसांची बिनपगारी रजा घेतलीत. पंधरा दिवसांच्या वर बिनपगारी गेलं की सलगपणा तुटतो. मोजणी परत पहिल्यापासून." त्यानं गोळी या गालातून त्या गालात नेली. "हक्काची रजा घ्यायची होती ना. तुमची तर चोवीस दिवस शिल्लक दिसतेय. का नाही घेतलीत?"

का नाही घेतली? सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, कारखान्यात मोठी ऑर्डर, धाकटीला तिथे उभं राहणं भाग, आणि इंजिनियर म्हणाला होता, "हक्काची रजा राखून ठेव. पुढे बाळासाठी लागेल. आत्ता बिनपगारी टाक." अर्ज त्यानंच लिहिला होता, वळणदार अक्षरात. बाळासाठी म्हणून राखलेल्या रजेनं बाळाचीच रजा खाल्ली होती.

आता आणखी नऊ महिने थांबायचं, मग सुरुवात करायची. नऊ महिने! तेवढ्यात एक अख्खं मूल तयार होतं.

"बोल," सासू म्हणाली.

"एक विचारू?" धाकटी म्हणाली. "मी इथे आले. आणि मला मूल झालं. तर कारखाना मला काय देणार?"

दीर हसला. "घरच्या बाईला कसला पगार आणि कसली रजा? सगळं तुझंच तर आहे."

"सगळं माझंच म्हणजे किती, भाऊजी? आकडा सांगा."

"आकडा काय सांगायचा! मूल घरचं, तू घरची, कारखाना घरचा..."

"भाडं मात्र बाहेरच्याला द्यावं लागतं."

आई होणं म्हटलं की लोकांचे डोळे भरून येतात. त्याच आईचा पगार म्हटला की भरलेले डोळे झटकन कोरडे होतात आणि छताकडे लागतात. दिराचे लागले. छतात एक पंखा होता, तो बंद होता, तरी त्यानं तो निरखून पाहिला.

सासूनं छताकडे बघितलं नाही. हा तिचा गुण. ती समोर बघून नाही म्हणे.

"तुझ्या कंपनीत चार हजार माणसं," ती म्हणाली. "तिथे एक बाई सहा महिने गेली काय, राहिली काय, कुणाला पत्ता लागत नाही. माझ्याकडे चौदा आहेत. वर्षाला तिघी बाळंत झाल्या, तिघींना सहा सहा महिने बसून पगार दिला, तर उरलेल्या अकराजणींना मी काय मोजे वाटू? मी दुष्ट नाही. माझी मशिनं अकराच आहेत."

"मग तुम्ही काय केलंत, तुमच्या वेळी?"

"नवव्या दिवशी आले. हा," तिनं दिराकडे हनुवटी केली, "हा त्या मशीनखाली चामड्याच्या कातरणाच्या खोक्यात झोपायचा. काही बिघडलं का?"

"अंगाचा चामड्याचा वास तेवढा अजून गेला नाही," धाकटा म्हणाला.

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की तिचा दागिना झाला होता. धाकटीनं आज पहिल्यांदा तो दागिना उलटून मागची बाजू बघितली. नऊ दिवसांची बाळंतीण, जाड चामडं, पायाचं मशीन. खोक्यातलं मूल सगळे सांगत. मशीनवरची बाई कुणी सांगत नसे.

तेवढ्यात दार वाजलं.

डावरी आली होती. शिवणाऱ्या बायकांतली सगळ्यात सफाईच्या हाताची, डावखुरी म्हणून डावरी. आठवा सरत आलेला. ती दारातच थांबली आणि तिनं फडक्यात गुंडाळलेली कात्री पुढे केली.

"बाई, सोमवारपासून नाही येणार. डॉक्टर नको म्हणाले. कात्री द्यायची होती."

ऑफिसच्या दारामागे भिंतीत खिळ्यांची एक रांग होती. बाळंतपणाला जाणाऱ्या बाईची कात्री तिथे टांगायची. मशीन त्याच दिवशी दुसरीला. बाई परत आली तर आनंद आहे. मात्र सुरुवात उलटणीच्या दांड्यापासून, नव्या पोरीच्या मजुरीनं, आणि मशीन रिकामं होईल तेव्हा. बहुतेक परत येतच नसत. सात कात्र्या होत्या तिथे. त्यांच्यावर गंज चढला होता, आणि कुणाची कुठली हे एकट्या सासूला पाठ होतं.

"आण," सासूनं हात पुढे केला.

"बस आधी," धाकटी म्हणाली. तिनं आजूबाजूला बघितलं. खुर्ची नव्हतीच. तिनं पॅकिंगचं एक भरलेलं खोकं सरकवलं. डावरी खोक्यावर बसली आणि मालकिणीसमोर बसलो म्हणून लगेच उठायला लागली.

"बस गं," जाऊ म्हणाली. आवाज असा निघाला की डावरी बसलीच.

"आई," धाकटी म्हणाली, "ही डाव्या हाताची कात्री आहे. बाबांनी हिच्यासाठी मुद्दाम मागवली होती. ती खिळ्याला टांगून वापरणार कोण?"

"वापरायचा प्रश्न नाही. रीत आहे."

"कशाची रीत?"

"जाणाऱ्याची जागा धरून ठेवता येत नाही, ही रीत." सासूचा आवाज चढला नाही. "मी काही कुणावर डूख धरून टांगत नाही. आठवण राहते."

"कुणाला?" जाऊनं विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. जाऊ खोक्यांपासून सुटी झाली होती.

"डावीकडून तिसरी कुणाची, आई?"

सासूनं ऑफिसच्या दाराकडे बघितलं.

"तुम्हाला पाठ आहेत ना? सांगा. नाही? मी सांगते. माझी. मी मोज्यांना अंगठा जोडायचे. या कारखान्यात माझ्यासारखा अंगठा कुणी जोडत नव्हतं, बाबा सांगायचे गिऱ्हाइकांना. धाकट्या पोराच्या वेळी कात्री टांगली. तीन महिन्यांनी आले तर मशीन गेलेलं. म्हणालात, थोडे दिवस पॅकिंग बघ. ते थोडे दिवस चाललेत, आई. पोरगा अकरा वर्षांचा झाला."

"मला वाटलं तुला पॅकिंग आवडतं," सासू म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"विचारलं होतंत?"

"तू बोलली नाहीस."

"घरची होते ना. घरच्या बाईला कसली जागा आणि कसलं मशीन!" तिनं नवऱ्याचाच सूर काढला. दिरानं परत पंखा बघायला घेतला. "खाली बघा," जाऊ म्हणाली, "तो पळून जात नाही."

धाकटीला वाटत होतं की जाऊ आज तिच्या विरुद्ध उभी राहणार. मघाशी होतीही. आता ती टेबलाला वळसा घालून धाकटीच्या बाजूला आली आणि हातभर अंतर ठेवून थांबली. अंतर तेवढं राहिलंच, चौदा वर्षांचं होतं.

मग धाकटीनं कागद काढून टेबलावर ठेवला. घड्या उघडल्या तरी तो पाठ वाकवून बसला. तिनं त्यावर साच्याचं लोखंडी पातं ठेवलं.

"ऑपरेशनच्या वेळी मी एकवीस दिवस इथे होते. ती रजा बिनपगारी टाकली. त्यानं माझी नोकरी तुटली, कंपनीच्या लेखी. सतराचे सात झाले. सहा महिन्यांची रजा आता नाही. आणखी नऊ महिने थांबले तरच."

धाकट्यानं कागद ओढून घेतला, वाचला, परत वाचला.

"मीच सांगितलं तुला. बिनपगारी टाक म्हणून."

"हो."

"अर्जही मीच..."

"अक्षर छान आलं होतं," धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं ती हे रागानं म्हणेल. राग सकाळीच खिडकीसमोर खर्ची पडला होता. तिनं कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि तो हात क्षणभर तसाच धरून ठेवला.

सासू टेबलाच्या कडेला धरून उभी होती.

"माझ्या डोळ्यासाठी?" तिनं विचारलं.

"तुमच्या डोळ्यासाठी, ऑर्डरसाठी. मी आलेच असते, आई. परत सांगितलं तरी येईन. पण हक्काच्या रजेवर येईन."

खोक्यावर बसलेल्या डावरीनं फडक्याची गाठ सोडली आणि परत मारली. सासू कुणाचं देणं ठेवत नसे. चामडेवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत कुणी तिच्याकडे कधी दुसऱ्यांदा मागायला आला नव्हता. आणि इथे सुनेचं देणं सात महिने झाले तिच्या डोळ्यातच बसलेलं होतं. डोळा बरा झाला होता तरी तिला ते दिसलं नव्हतं.

"कागद घे," ती म्हणाली. "कोरा. लिही. तीन महिने."

"सहा," धाकटी म्हणाली.

"तीन. तुझ्या कंपनीला चार हजार हात आहेत. तीन महिने भरपगारी. त्यावर तीन महिने यायचं नसेल तर बिनपगारी, पण मशीन तिचंच. तेवढ्यापुरती दुसरी बसवू, तिला आधी सांगून. उलटणीवर परत नाही."

"किती वर्षं काम केलेलं हवं?" दिरानं विचारलं. "काहीतरी अट नको? नाहीतर उद्या कुणीही पोट घेऊन दारात उभी राहील."

"अट नको."

"अगं आई..."

"एकवीस दिवसांनी काय होतं ते आत्ता ऐकलंस ना? मग? पोट घेऊन येणारी बाई टाळाटाळ करायला येत नाही. मीही तशीच आले होते, तू पोटात असताना. आणि भाव वाढवून घे गिऱ्हाइकांकडून. जोडीमागे थोडा. जीभ कशाला दिलीय तुला?"

धाकटी लिहीत होती. साचे काढायची टोकदार पेन्सिल होती, अक्षर बारीक येत होतं. शेवटी तिनं एक ओळ वाढवली आणि ती मोठ्यानं वाचली: "घरच्या बायकांनाही हेच लागू."

"ते कशाला लिहायला हवं?" सासू म्हणाली.

"ते आधी लिहायला हवं," जाऊ म्हणाली.

सासूनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा नव्हता. तिनं तो जाऊसमोर केला. "वाच सगळं. एक शब्द गाळू नकोस."

जाऊनं वाचलं. सावकाश, अंगठा जोडावा तसं, कुठे सुरकुती राहू न देता. सासूनं अंदाजानं सही केली. ती ओळीवरून घसरून खाली गेली, पण सही होती.

"डावरे, कात्री तुझ्या मशीनवर ठेव," ती म्हणाली. "आणि पहिल्या तारखेला पगाराला ये. नाही जमलं तर नवऱ्याला... नको. त्याला नको. ही आणून देईल." तिनं जाऊकडे बोट दाखवलं.

डावरीनं विचारलं, "खरंच?" आणि दिराकडे बघितलं, कारण इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून असलं काही आलं नव्हतं, आणि हसण्यावारी नेणारा माणूस तोच होता. तो हसला नाही. त्यानं तिला उठायला हात दिला.

ती गेल्यावर सासू धाकटीकडे वळली. "झालं तुझ्या मनासारखं? आता राजीनामा कधी लिहितेस?"

"लिहीन," धाकटी म्हणाली. "डावरीला तिन्ही महिन्यांचा पगार पोचला की लिहीन."

"म्हणजे?"

"कंपनी म्हणाली, दोन वर्षं कामाला ये, मग आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू. मी तुम्हाला तीनच महिने सांगतेय."

दिरानं जीभ चावली. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. या टेबलाशी उभं राहून मालकिणीला उमेदवारीवर ठेवणारं माणूस आजवर झालं नव्हतं.

सासूनं सुनेकडे बघितलं. लांबचं दिसणाऱ्या डोळ्यांनी जवळचं बघताना करावी लागते तशी मान मागे घेऊन, नीट.

"आणि तीन महिन्यांत मी बदलले तर?"

"तर तिथे नऊ महिने थांबणार होते, ते भोगीन. नाहीतर बिनपगारी बाळंत होईन. ते माझं मी बघेन."

"आणि साचे? तोवर साचे कोण काढणार?"

"ताई अंगठा जोडतील तर साचे मी रविवारी येऊन काढीन. पगारी."

"पगारी," सासू म्हणाली, जणू तो शब्द पहिल्यांदाच चाखून बघत होती. मग ती दारामागे गेली आणि डावीकडून तिसरी कात्री काढून जाऊच्या हातात दिली. कात्री उघडेना. दोन पाती गंजानं एक झाली होती.

"तेल लागेल," सासू म्हणाली.

"तेल नाही. नवी लागेल," जाऊ म्हणाली.

सासूनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग तिनं मशीनखाली वाकून काहीतरी शोधायला सुरुवात केली. चष्मा होता बहुतेक. कुणी मदत केली नाही; तिला आवडलं नसतं.

बाहेर पडल्यावर धाकटा आणि ती घराकडे निघाले. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याला वाट देताना तो थांबला.

"मी घरी गेल्यावर तो गोल खोडतो," तो म्हणाला. "नऊ महिन्यांनी नवा काढू. किंवा तीन महिन्यांनी. सांगशील तसा."

धाकटीनं पर्स उघडली. कंपनीचा कागद बाहेर काढून त्याच्या खिशात कोंबला.

"नोकरी बदलणं तीन महिने थांबेल," ती म्हणाली. "गोल याच महिन्याभोवती राहू दे. आणि ती लाल पेन्सिल आजपासून माझ्याकडे दे."